कळीच्या पायाभूत सुविधांची सुरक्षा आणि जनतेच्या हरकती-सूचना



१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई व लगतच्या परिसराचा वीजपुरवठा खंडित झाला. उपनगरी गाड्या जागच्या जागी थांबल्या, रुग्णालयांना जनित्रांचा आधार घ्यावा लागला आणि मुंबई विद्यापीठाला त्या दिवशीच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. महासाथीचे ते दिवस असल्याने असंख्य लोक घरून काम करीत होते. त्यामुळे वीज गेली म्हणजे कार्यालयही बंद पडले. पुढे १ मार्च २०२१ रोजी राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी, या घटनेमागे सायबर घातपात असावा असे राज्याच्या सायबर विभागाच्या अहवालावरून दिसते, असे निवेदन केले. दुसऱ्याच दिवशी केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी हे अमान्य करून मानवी चुकीमुळे वीज गेल्याचे सांगितले. वीजयंत्रणेतील तांत्रिक दोषांची चौकशी निरनिराळ्या पातळ्यांवर झाली. परंतु सायबर हल्ला झाला होता की नव्हता, या प्रश्नाचे सर्वांना मान्य होईल असे स्वतंत्र उत्तर जनतेपुढे आले नाही.

याच्याशी २०१२ च्या घटनेची तुलना करून पाहावी. ३० व ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर, पूर्व व ईशान्य भारतातील ग्रिड कोसळले आणि सुमारे ६२ कोटी लोकसंख्येच्या प्रदेशावर त्याचा परिणाम झाला. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या अध्यक्षांच्या नेतृत्वाखालील समितीचा अहवाल ऑगस्ट महिन्यातच तयार झाला व तो कोणासही वाचता आला. कोणती वाहिनी कधी बंद पडली, कोणत्या राज्यांनी ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक वीज उचलली, हे सारे त्यात आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयांतून आजही तो अहवाल अभ्यासला जातो. तारा तुटल्या तर त्याची चर्चा उघडपणे होऊ शकते, मात्र संगणकप्रणालीत कोणी शिरले तर ती होत नाही, असा हा फरक आहे. हा फरक कायद्याने निर्माण केलेला आहे आणि कायद्यानेच तो कमी करता येईल. या विषयावरील कायद्यात सुधारणा करताना जनतेचे म्हणणे विचारावे काय, विचारल्यास कोणत्या बाबींवर विचारावे आणि विचारल्याने नेमके काय बदलते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

कायद्याची विद्यमान चौकट

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला. त्यातील कलम ७० ‘संरक्षित प्रणाली’संबंधी आहे. २००८ मध्ये संमत झालेली दुरुस्ती २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली आणि तिच्याद्वारे ‘कळीच्या माहिती पायाभूत सुविधा’ या संज्ञेची व्याख्या कायद्यात आली. जी संगणकीय साधने निकामी झाल्यास वा नष्ट झाल्यास राष्ट्रीय सुरक्षा, अर्थव्यवस्था, सार्वजनिक आरोग्य किंवा सुरक्षितता यांवर दुर्बल करणारा परिणाम होईल, ती या व्याख्येत येतात. अशा साधनाला अधिसूचनेद्वारे संरक्षित घोषित करण्याचा अधिकार ‘समुचित शासना’स, म्हणजे केंद्राप्रमाणेच राज्यांनाही आहे, ही बाब परीक्षार्थींच्या नजरेतून अनेकदा सुटते. संरक्षित प्रणालीत अनधिकृत प्रवेश केल्यास दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. कलम ७०-क अन्वये राष्ट्रीय कळीच्या माहिती पायाभूत सुविधा संरक्षण केंद्र जानेवारी २०१४ मध्ये अधिसूचित झाले, तर कलम ७०-ख अन्वये ‘सर्ट-इन’ ही संस्था घटना-प्रतिसादाचे काम पाहते. जून २०२२ मध्ये आयसीआयसीआय बँक, एचडीएफसी बँक व भारतीय राष्ट्रीय देयके महामंडळ यांची संगणकीय साधने कळीची म्हणून घोषित करण्यात आली.

या अधिसूचनेत दोन खाजगी बँका आहेत, हे लक्षात घ्यावे. वीजवितरण, दूरसंचार, बंदरांवरील धक्के, विमानतळ, रुग्णालये यांपैकी बरेच काही आज खाजगी किंवा संयुक्त मालकीचे आहे. रक्षण करावयाची मालमत्ता एकाची, ती बंद पडल्यास नुकसान दुसऱ्यांचे आणि रक्षणाचा आदेश देणारा तिसराच, अशी ही रचना आहे. अर्थशास्त्रात याला बाह्यतेचा प्रश्न म्हणतात. एखाद्या वितरण कंपनीने सुरक्षेवर शंभर रुपये खर्च केले तर त्याचा लाभ तिला स्वतःला थोडा आणि समाजाला पुष्कळ मिळतो. म्हणून कंपनी स्वतःहून समाजाला हवा तितका खर्च करीत नाही. कायद्याच्या हस्तक्षेपाचे समर्थन येथूनच सुरू होते.

त्यात आणखी एक गुंतागुंत आहे. जॅक हर्शलायफर या अर्थशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये एका काल्पनिक वर्तुळाकार बेटाचे उदाहरण दिले होते. त्या बेटावरील प्रत्येक जण आपापल्या जमिनीपुढे समुद्राला अडविणारा बांध घालतो. मात्र बेट किती सुरक्षित आहे हे सर्वांत ठेंगण्या बांधावरून ठरते. कोकणातील खारबंदिस्ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना याचे वेगळे स्पष्टीकरण नको. एका ठिकाणी खांड पडली की भरतीचे पाणी साऱ्यांच्याच भातखाचरांत शिरते. परस्परांशी जोडलेल्या संगणकप्रणालींची गत अशीच असते. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्रॅम युक्रेनमधील एका लेखा-सॉफ्टवेअरच्या मार्गाने पसरला आणि मर्स्क समूहाच्या प्रणालींतून थेट जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलपर्यंत पोहोचला. न्हावा-शेव्याच्या रस्त्यावर कंटेनरवाहू ट्रकांची रांग लागली, तिचे मूळ कीव्हमधील एका हिशेबाच्या प्रणालीत होते.

सर्वांत ठेंगणा बांध कोठे आहे, हे दिल्लीतील मंत्रालयाला दिसत नाही. तो ज्याच्या जमिनीपुढे आहे त्यालाच ते ठाऊक असते. हरकती व सूचना मागविण्याचे आर्थिक समर्थन या साध्या गोष्टीत आहे. लोकशाहीतील सौजन्य म्हणून तर त्या मागवाव्यातच, परंतु नियम करणाऱ्याकडे जी माहिती नसते ती मिळविण्याचा तो सर्वांत स्वस्त मार्गही आहे.

विचारण्याची पद्धत आणि २०२२ चा अनुभव

हरकती-सूचनांची पद्धत भारताला नवी नाही. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ च्या कलम २३ मध्ये पूर्वप्रकाशनाच्या अटीवर करावयाच्या नियमांची कार्यपद्धती दिलेली आहे. मसुदा प्रसिद्ध करणे, तो कोणत्या दिनांकास विचारात घेतला जाईल ते सांगणे आणि आलेल्या हरकतींचा विचार करणे, असे तिचे टप्पे आहेत. मात्र मूळ कायद्यात पूर्वप्रकाशनाची अट घातलेली असेल तरच हे कलम लागू होते. विद्युत अधिनियम, २००३ मध्ये ही अट आहे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण अधिनियम, १९९७ च्या कलम ११(४) मध्ये पारदर्शकतेचे बंधन आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ७०-ख(६) अन्वये दिल्या जाणाऱ्या निदेशांना मात्र असे कोणतेही बंधन नाही.

महाराष्ट्रातील वाचकांना या पद्धतीची ताकद विकास आराखड्यांमुळे परिचयाची आहे. मुंबईचा २०३४ पर्यंतचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यावर हरकतींचा पाऊस पडला आणि एप्रिलमध्ये तो मागे घेऊन नव्याने तयार करण्याचा आदेश राज्य शासनाला द्यावा लागला. चुकीच्या जागी दाखविलेले रस्ते आणि आरक्षणे तेथे राहणाऱ्यांनीच शोधून काढली होती.

केंद्रीय स्तरावर ५ फेब्रुवारी २०१४ रोजी विधानपूर्व विचारविनिमय धोरण कळविण्यात आले. प्रत्येक प्रस्तावित कायद्याचा, तसेच दुय्यम विधानाचा, मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवावा, त्यासोबत कायद्याची गरज, आर्थिक परिणाम आणि मूलभूत अधिकारांवरील परिणाम सोप्या भाषेत सांगावा आणि आलेल्या अभिप्रायांचा सारांश प्रसिद्ध करावा, असे त्यात म्हटले आहे. हे धोरण कार्यकारी स्वरूपाचे आहे. एखाद्या विभागाने ते न पाळल्यास कारण नोंदविले की पुरते आणि केवळ त्या कारणावरून कायदा अवैध ठरत नाही. ११ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कॉल खंडित झाल्याबद्दल ग्राहकास भरपाई देण्याविषयीचे दूरसंचार प्राधिकरणाचे विनियम रद्द केले. त्या निकालात, सर्व दुय्यम विधानासाठी सूचना व अभिप्रायाची पद्धत संसदेने कायद्याने घालून देण्याचा विचार करावा, असे न्यायालयाने सुचविले. तसा सर्वसाधारण कायदा अद्याप झालेला नाही.

आता सायबर सुरक्षेच्या क्षेत्रातील एक घटना सविस्तर पाहणे आवश्यक आहे. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इनने निदेश जारी केले. सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत ती कळवावी, प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्यात, आभासी खाजगी नेटवर्क म्हणजे व्हीपीएन सेवा देणाऱ्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षे राखावी, अशी बंधने त्यांत होती. या निदेशांचा मसुदा तत्पूर्वी जनतेच्या अभिप्रायासाठी प्रसिद्ध झालेला नव्हता. निदेश साठ दिवसांनी लागू व्हावयाचे होते.

त्या साठ दिवसांत काय घडले ते पाहावे. कळवावयाच्या घटनांच्या यादीत महत्त्वाच्या नेटवर्कची चाचपणी होते तीही होती आणि समाजमाध्यमांवरील खात्यात कोणी अनधिकृतपणे शिरले तर तेही होते. चाचपणी तर मोठ्या संस्थांच्या बाबतीत अहोरात्र चालूच असते. सहा तासांत नेमके काय कळवायचे, असा प्रश्न उभा राहिला. १८ मे रोजी प्रश्नोत्तरांची पुस्तिका काढून, गंभीर स्वरूपाच्या घटनांसाठी सहा तासांची मर्यादा आहे, असे स्पष्टीकरण द्यावे लागले. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांना मुदत हवी होती, म्हणून ती २५ सप्टेंबरपर्यंत वाढविली गेली. काही व्हीपीएन कंपन्यांनी आपले भारतातील सर्व्हर हलविले. म्हणजे प्रश्न विचारले गेलेच, शंकांचे निरसन करावे लागलेच आणि मुदतही बदलावी लागलीच. केवळ हे सारे आदेश निघाल्यानंतर घडले. तीस दिवसांचा मसुदा आधी काढला असता तर एकूण कालावधी फारसा वाढला नसता आणि अंमलबजावणीच्या पहिल्या दिवसापासून उद्योगांना आपले कर्तव्य काय आहे ते ठाऊक असते. विचारविनिमयामुळे विलंब होतो हा आक्षेप नेहमी घेतला जातो. २०२२ चा अनुभव त्याला फारसा दुजोरा देत नाही.

या निदेशांचे पालन न केल्यास असलेला दंड २०२३ च्या जनविश्वास अधिनियमाने एक लाख रुपयांवरून एक कोटी रुपयांपर्यंत वाढविला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्ट-इनचा समावेश माहिती अधिकार अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे त्या कायद्याच्या कक्षेतून बहुतांशी वगळलेल्या संस्थांत, करण्यात आला. शंभर पट दंड आणि कमी माहिती, या दोन गोष्टी एकाच वर्षी घडल्या.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण

ऑस्ट्रेलियाने हाच प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला. तेथील कळीच्या पायाभूत सुविधा सुरक्षा अधिनियम ११ जुलै २०१८ पासून अमलात आला. तेव्हा त्याची व्याप्ती वीज, वायू, पाणी व बंदरे यांपुरती होती. ऑगस्ट २०२० मध्ये गृह व्यवहार विभागाने व्याप्ती वाढविण्यासाठी विचारविनिमयाची पत्रिका प्रसिद्ध केली, नोव्हेंबरमध्ये विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला आणि डिसेंबरमध्ये विधेयक संसदेत मांडले. दळणवळण, वित्त, आरोग्य, उच्च शिक्षण, अन्न व किराणा, अवकाश तंत्रज्ञान यांसह अकरा क्षेत्रे त्यात होती. किराणा दुकानांची साखळी ही सुरक्षेची बाब कशी, असा प्रश्न भारतीय वाचकाला पडेल. महासाथीच्या काळात ओस पडलेल्या फळ्या पाहिलेल्या ऑस्ट्रेलियन माणसाला तो पडला नाही.

वाद झाला तो दोन बाबींवर. पहिली बाब सरकारी हस्तक्षेपाची. गंभीर हल्ल्याच्या वेळी कंपनी असमर्थ वा अनिच्छुक असेल तर शेवटचा उपाय म्हणून शासनाच्या तांत्रिक संस्थेने थेट तिच्या प्रणालीत उतरावे, अशी तरतूद होती. अपरिचित यंत्रणेत बाहेरच्यांनी हात घातल्यास नुकसान वाढेल, असे मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांनी जाहीर निवेदनांत मांडले. दुसरी बाब खर्चाची होती. विद्यापीठांनी तर, संरक्षण प्रकल्प आणि इतिहासाचा विभाग यांना एकाच मापाने मोजू नका, या आशयाची तक्रार केली.

संसदेच्या गुप्तवार्ता व सुरक्षाविषयक संयुक्त समितीने सप्टेंबर २०२१ मध्ये अहवाल दिला. विधेयक दोन भागांत विभागावे, तातडीचे भाग लगेच संमत करावेत आणि उरलेल्यांवर उद्योगांशी पुन्हा चर्चा करावी, अशी तिची शिफारस होती. त्याप्रमाणे घटना कळविण्याचे बंधन व आपत्कालीन हस्तक्षेप यांचा कायदा डिसेंबर २०२१ मध्ये झाला आणि जोखीम व्यवस्थापन कार्यक्रमाचा भाग एप्रिल २०२२ मध्ये अमलात आला. महत्त्वाची सेवा ठप्प करणारी घटना बारा तासांत व इतर घटना बहात्तर तासांत कळवावयाची, असे दोन स्तर ठरले. प्रत्यक्ष हस्तक्षेपासाठी पंतप्रधान व संरक्षणमंत्री या दोघांची संमती आवश्यक केली गेली. तातडी खरी असेल तर ती कोणत्या कलमांची आहे हे वेगळे काढता येते आणि बाकीच्या कलमांसाठी थांबता येते, हे या विभाजनातून दिसून आले.

याच कायद्यातील आणखी एक तरतूद आपल्या विधिमंडळांनी अभ्यासावी अशी आहे. जोखीम व्यवस्थापनाचे नियम करण्यापूर्वी मंत्र्यांनी मसुदा प्रसिद्ध करून किमान २८ दिवस अभिप्राय मागवावयाचा असतो. धोका अगदी तोंडाशी आला असेल तर ही अट लागू होत नाही. परंतु तशा वेळी नियम केल्यानंतर विभागाच्या सचिवांनी अभिप्राय मागवून साठ दिवसांत त्यांचा आढावा घ्यावयाचा असतो. विचारण्याचे कर्तव्य पुढे ढकलता येते, टाळता मात्र येत नाही.

कायदा झाल्यावरही संकटे आलीच. सप्टेंबर २०२२ मध्ये ऑप्टस या दूरसंचार कंपनीकडील आणि ऑक्टोबरमध्ये मेडिबँक या आरोग्य विमा कंपनीकडील सुमारे एक-एक कोटी ग्राहकांची माहिती चोरीस गेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये डीपी वर्ल्ड या कंपनीने हल्ल्यानंतर आपल्या बंदरांचा इंटरनेटशी संपर्क तोडला, तेव्हा तीन दिवस सुमारे तीस हजार कंटेनर अडकून पडले. त्यानंतर डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा विचारविनिमयाची पत्रिका निघाली व १ मार्च २०२४ पर्यंत अभिप्राय घेण्यात आले. उद्योगांची मागणी होती की शासनाला माहिती दिल्याबद्दल कारवाईपासून पूर्ण संरक्षण मिळावे. शासनाने ते दिले नाही. मधला मार्ग म्हणून, घटनेच्या वेळी समन्वयकाला दिलेली माहिती नियामकांनी त्याच कंपनीविरुद्ध कशी वापरावी यावर मर्यादा घातली. नोव्हेंबर २०२४ मध्ये संमत झालेल्या कायद्यांत ही मर्यादित वापराची तरतूद आहे, तसेच खंडणी दिल्यास ती बहात्तर तासांत कळविण्याचे बंधन आहे. त्याखेरीज सायबर घटना पुनरावलोकन मंडळ स्थापन करण्यात आले. दोष कोणाचा हे न ठरविता मोठ्या घटनेतून काय शिकावे एवढेच या मंडळाने सांगावयाचे आहे. विमान अपघाताच्या तपासाची हीच पद्धत आहे. मुंबईच्या २०२० च्या अंधाराविषयी ज्या प्रकारचे उत्तर मिळाले नाही, ते देण्यासाठी नेमकी अशा प्रकारची संस्था लागते.

काय उघड, काय गुप्त

संरक्षणविषयक कायद्याची चर्चा उघडपणे केल्यास शत्रूला मदत होते, हा आक्षेप गंभीर आहे व तो झटकून टाकणे योग्य नव्हे. परंतु तो सर्व बाबींना सारखाच लागू होत नाही. कोणत्या उपकेंद्रात कोणती प्रणाली आहे, तिच्यात कोणते दोष आहेत, कोणती साधने संरक्षित यादीत आहेत, ही माहिती गुप्तच हवी. ऑस्ट्रेलियातही मालमत्तांची नोंदवही सार्वजनिक नाही. मात्र घटना किती तासांत कळवायची, दंड किती, अधिकाऱ्याला कोणते अधिकार, त्यांवर अपील कोठे आणि खर्च कोणी सोसायचा, या प्रश्नांच्या उत्तरांतून कोणत्याही हल्लेखोराला कुलपाची किल्ली मिळत नाही. आपल्याकडे दूरसंचार अधिनियम, २०२३ खालील सायबर सुरक्षेचे व कळीच्या दूरसंचार पायाभूत सुविधांचे नियम ऑगस्ट २०२४ मध्ये मसुद्याच्या रूपात प्रसिद्ध झाले आणि नोव्हेंबरमध्ये अंतिम झाले. त्यामुळे देशाच्या सुरक्षेला बाधा आल्याचे कोणी म्हटलेले नाही. उणीव होती ती वेगळी. मूळ विधेयकाचा मसुदा सप्टेंबर २०२२ मध्ये अभिप्रायासाठी आला होता, पण त्यावर आलेले अभिप्राय प्रसिद्ध झाले नाहीत. आणि डिसेंबर २०२३ मध्ये बऱ्याच फेरबदलांसह आलेले विधेयक लोकसभा व राज्यसभा या दोन्ही सभागृहांत मिळून चार दिवसांत संमत झाले. अभिप्राय मागविले परंतु त्यांचे काय झाले ते सांगितले नाही, तर पुढच्या वेळी अभ्यास करून लिहिण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही.

अभिप्राय देते कोण, हाही प्रश्न आहे. मन्सर ऑल्सन यांनी १९६५ मध्ये दाखवून दिले की ज्यांचे हितसंबंध मोठे व एकवटलेले असतात ते संघटित होतात आणि ज्यांचे हित थोडे-थोडे विखुरलेले असते ते गप्प राहतात. दूरसंचार कंपनीकडे वकिलांचा ताफा असतो. तिच्या कोट्यवधी ग्राहकांपैकी कोणी तीस दिवसांत राजपत्र वाचून इंग्रजीत निवेदन लिहील, ही अपेक्षा अवास्तव आहे. तेव्हा केवळ मसुदा प्रसिद्ध करून भागत नाही. ग्राहक संघटना, कर्मचारी संघटना व तंत्रज्ञ यांना बोलावून ऐकावे लागते आणि मसुदा प्रादेशिक भाषांत द्यावा लागतो.

या बाबतीत सर्वांत दुर्लक्षित क्षेत्र पाण्याचे आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत दळणवळण संघसूचीत, वीज समवर्ती सूचीत, तर पाणी व सार्वजनिक आरोग्य राज्यसूचीत येते. प्रत्यक्ष पाणीपुरवठा बाराव्या अनुसूचीनुसार नगरपालिका व महानगरपालिका करतात. २००० साली ऑस्ट्रेलियाच्याच मरूची शहर परिसरात, मलनिःसारण यंत्रणा बसविणाऱ्या कंपनीच्या एका माजी कर्मचाऱ्याने बिनतारी संदेशांद्वारे पंपांवर ताबा मिळवून सुमारे आठ लाख लिटर सांडपाणी उद्याने व ओढ्यांत सोडले होते. कोणत्याही शत्रुराष्ट्राचा त्यात हात नव्हता. आपल्या शहरांतही पाण्याच्या टाक्या, झडपा व पंप संगणकाने नियंत्रित होऊ लागले आहेत. नगरपालिकेचा पाणीपुरवठा अभियंता केंद्रीय नियमाच्या मसुद्यावर हरकत नोंदवितो, असे क्वचितच घडते, कारण तो मसुदा त्याच्या टेबलापर्यंत पोहोचतच नाही. बेटावरील ठेंगणा बांध बहुधा येथे असतो.

रुग्णालयांचे उदाहरणही बोलके आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर हल्ला झाला. पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कूटबद्ध झाली आणि नेटवर्कचे योग्य विभाजन नसल्याने हे घडले, असे शासनाने संसदेत सांगितले. दरम्यान रुग्णांची नोंदणी कागदावर चालू राहिली. एवढी प्रांजळ माहिती संसदेतील प्रश्नामुळे मिळाली हे चांगलेच झाले. पण प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या घटनेवर संसदेत प्रश्न विचारला जाणार नाही, म्हणून कायद्यातच अहवालाची सोय असणे बरे.

शेवटी खर्चाकडे वळावे लागते, कारण सुरक्षेचा प्रत्येक नियम म्हणजे कोणाच्या तरी ताळेबंदातील एक रक्कम असते. बँक तो खर्च नफ्यातून करू शकते. तोट्यातील वीज वितरण कंपनी काय करील? ती तो वीजदरात मागेल. विद्युत अधिनियमाच्या कलम ६४ नुसार दरनिश्चितीचा अर्ज प्रसिद्ध करावा लागतो आणि जनतेच्या हरकती विचारात घेऊनच आयोगाला आदेश द्यावा लागतो. महाराष्ट्रात या जाहीर सुनावण्यांना ग्राहक प्रतिनिधी व यंत्रमागधारक अभ्यास करून येतात व आकड्यांची चिरफाड करतात. परिणामी एक विचित्र स्थिती निर्माण झाली आहे. सुरक्षेचा नियम ठरतो तेव्हा ग्राहकाला विचारले जाईलच असे नाही, परंतु त्या नियमाचे पैसे वसूल करताना मात्र त्याचे म्हणणे ऐकणे बंधनकारक आहे. आयोगापुढे तो जेव्हा विचारतो की हा खर्च कशासाठी, तेव्हा कंपनीचे उत्तर असते की केंद्राचा आदेश आहे, आणि आयोगालाही त्या आदेशाची गरज तपासण्याचा अधिकार नसतो. खर्चाचा अंदाज नियमाच्या मसुद्यासोबतच द्यावा, हे २०१४ च्या धोरणाने सांगितलेलेच आहे. तो अंदाज त्या वेळी राज्य वीज नियामक आयोगांकडेही पाठविला, तर ग्राहक प्रतिनिधींना आपला प्रश्न दोन वर्षे आधी आणि योग्य ठिकाणी विचारता येईल.